एक बी कमी

मी एक जुनी संख्या आहे, एक्केचाळीस. मित्रांनो, मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. संख्येचे ऐकायला सहसा कोणी थांबत नाही.

मला कोणी घडवले ते ठाऊक नाही. माझे सारखे वाटे होत नाहीत. दोघांत नाही, तिघांत नाही, सातांत नाही. चार-चार काढत गेले की शेवटी एक उरतोच. त्या उरलेल्या एकामुळेच मला किर्गीझ डोंगरात काम मिळाले.

तिथे साइराआपा नावाच्या आजी माझ्यावरून कौल पाहत. घेवड्याच्या एक्केचाळीस बिया चटईवर ओतायच्या, न मोजता तीन ढीग करायचे. प्रत्येक ढिगातून चार-चार बिया बाजूला सारायच्या. शेवटी एक ते चार उरल्या की थांबायचे. तिन्ही ढिगांत उरलेल्यांची बेरीज पाच येते किंवा नऊ. तिसरे उत्तर येऊच शकत नाही.

हरवलेल्या घोड्यांसाठी, रुसलेल्या सुनांसाठी लोक माझ्याकडे येत. पुढे मोबाइल आले. माझी बियांची थैली धूळ खात पडली आणि शेवटी रांगत्या नातवाचे, एमिलचे, खेळणे झाली.

एका सकाळी घाटावर काळे ढग उतरले. आपांच्या मुलाला, बेक्तूरला, मेंढ्या घेऊन घाट ओलांडायचा होता.

"आपा, झटपट कौल बघ. मेंढ्या दारात उभ्यात."

"आज बरी आठवले मी! तुझ्या त्या मोबाइलला विचार की."

"त्याला रेंज नाही."

"आणि मला आहे होय!"

आपांनी एमिलच्या हातून थैली घेतली आणि कौल मांडला. दोन, तीन, तीन. आठ.

चहा ओतणारी सून अनारा थबकली. "आठ? वाईट आहे का, आपा? ह्यांना जाऊ नका म्हणा."

बेक्तूर हसला, पण हसू लगेच विरले. "वयाने मोजणं चुकतं, दुसरं काय."

"चुकायला मी शाळेत कुठे गेले होते रे?"

आपांनी पुन्हा मांडले. या वेळी चार. त्यांनी थैली उलटी करून झटकली. रिकामी.

"हा कौल नाही. एक बी कमी आहे. पोर कुठंय?"

घर फार शांत होते.

एमिल रजयांच्या पेटीमागे होता. तोंड उघडे, ओठ निळे, आवाज नाही. बेक्तूरने त्याला हातावर पालथा घेतला, डोके खाली केले आणि पाठीत थापा मारल्या. चार थापा. काहीच नाही. पाचव्या थापेला बी चटईवर पडली आणि एमिलने टाहो फोडला.

घाटाचे त्या दिवशी कोणी विचारले नाही.

मित्रांनो, पुढचे मला काही दिसत नाही. कधी दिसलेही नव्हते. एक कमी आहे, एवढेच मला कळते. येऊ नये ते उत्तर आले, तर त्यात शकुन शोधत बसू नका. आधी आपली माणसे मोजा.

आता थैली खुंटीवर आहे. एमिल पेटीला धरून उभा राहू लागला आहे आणि माझ्याकडेच बघतो आहे. कोणीतरी ती खुंटी उंच ठोका.