पुरुषाच्या मापाचं जाकीट

त्या कारखान्यात सकाळचा चहा गोळीबारानंतरच मिळायचा. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मातीचं एक धड उभं होतं. आदल्या दिवशी शिवलेलं, गोळी अडवणारं एक जाकीट त्या धडावर चढवायचं आणि समोरून बंदूक झाडायची. गोळी थरांत अडकली की मालक मान हलवायचे, मग चहा. धड पुरुषाचं होतं. रुंद खांदे, सपाट छाती, वर गुलाबीसर रंग. बाईचं धड करावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण गोळी घालावी एवढी मोठी बाई त्या देशात झालीच नव्हती.

ती यंदा झाली. काळ्यांच्या वस्तीतली, लोकांचे कपडे धुणाऱ्या आईची लेक, पेशाने वकील. सगळे तिला वकीलबाई म्हणत. ती देशाची अध्यक्ष म्हणून निवडून आली आणि निकालाच्या दिवशीच वस्तीतली निम्मी दुकानं फुटली. एका न्हाव्याला त्याच्याच वस्तऱ्याने चिरलं. "एक तर काळी, त्यात बाई," असं लोक उघड बोलत होते, जणू एकच गुन्हा दोनदा केला होता तिने.

कारखान्यात जाकिटं कापणारे मास्तर त्याच वस्तीतले, आणि कापणीच्या टेबलावरचे एकमेव काळे. बाकीचे काळे तिथे झाडू मारत, पेट्या उचलत. बायका, काळ्या असोत की गोऱ्या, शिलाईच्या यंत्रांवर. 'बाईच्या हाती कातर गेली की धंदा बसतो' हे मालकांच्या आजोबांपासून चालत आलेलं वचन. पुरुषांच्या हातूनही तो दोनदा बसला होता, ते मात्र कुणी काढत नसे. दुसरी रीत अशी की पुरुषाने बाईच्या अंगाला टेप लावायची नाही. म्हणजे कापणारा माप घेणार नाही आणि माप घेऊ शकणारी कापणार नाही. मास्तरांनी या दोन्ही रिती इतक्या निष्ठेने पाळल्या होत्या, की गोऱ्या कापणाऱ्यांनी त्यांना आपल्या पंक्तीला घेतलं होतं. ती जागा त्यांना जिवापेक्षा प्यारी होती.

वकीलबाई जाकिटासाठी स्वतः आल्या. अंगरक्षकांच्या साहेबाने सरकारी कोठीतलं एक आणलं होतं. "आजवरच्या सगळ्या अध्यक्षांना हेच झालं. इकडे तिकडे दाबून द्या."

बाईंनी ते घातलं आणि हसल्या. "अहो मास्तर, छातीवर श्वास कोंडतोय आणि काखेत वारा खेळतोय. आत अजून एक माणूस राहील."

मास्तरांची नजर जमिनीवर. त्यांची थोरली मुलगी यंत्र थांबवून पुढे आली. "बाबा, मी घेते माप. नवीनच कापू."

एका कापणाऱ्याने कापड मोजायचा लाकडी गज तळहातावर आपटला. मालक गोड आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरात कातर कोण चालवतं?"

कुणी तरी फिदीफिदी हसलं. मास्तरांचे कान तापले. "जागेवर बस," ते मुलीवर खेकसले. मग बाईंकडे न बघता, नजरेच्याच अंदाजाने, त्यांनी दोन टाचण्या टोचल्या. "बसेल, बाई. अंगाला सरावलं की बसेल."

"तुम्ही आपले आहात, तुमच्यावर विश्वास," बाई म्हणाल्या.

शपथविधीला मास्तर आणि थोरली चौकात पहिल्या कठड्याशी उभे होते. ऊन स्वच्छ होतं. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका आधीपासूनच रडत होत्या, आनंदाने. बाई मंचावर आल्या आणि शपथेसाठी त्यांनी उजवा हात वर केला. हाताबरोबर जाकीट वर सरकलं, काखेखाली वीतभर जागा उघडी पडली. मास्तरांना ती दिसली. ते ओरडले, पण त्याच वेळी गोळी सुटली आणि नेमकी त्या जागेत शिरली.

बाईंचा हात क्षणभर वरच राहिला. मग त्या गुडघ्यांवर आल्या, तोंडातून रक्ताची गुळणी आली आणि पुढचं वाक्य बाहेर पडलंच नाही. लोक एकमेकांना तुडवत पळाले. कठड्यात अडकलेल्या एका म्हातारीचा पाय मोडल्याचा आवाज मास्तरांनी ऐकला. पलीकडच्या गल्लीतून टोळकी आली, हातात सळया, तोंडात हसू. दिसेल त्या काळ्या माणसाचं डोकं फोडत ती वस्तीपर्यंत गेली. मास्तर आणि थोरली घरी पोहोचले तोवर शेजारच्या घराला आग लागली होती. आतल्या बाईने मूल खिडकीतून फेकलं, थोरलीने ते झेललं. आई आतच राहिली.

मास्तर ओट्यावर बसून होते. "मारणारा कुठला कोण," ते म्हणाले. "देवाची मर्जी."

थोरलीच्या भुवया जळल्या होत्या. कडेवर ते परकं मूल रडत होतं. "देवाला मध्ये आणू नका, बाबा. गोळी त्याने मारली. जागा तुम्ही ठेवलीत. त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, तोंडाने सांगितलं होतं."

मास्तरांना खरंच वाटलं, त्या आगीत आपणही जायला हवं होतं.

बाईंबरोबर उपाध्यक्ष म्हणून निवडून आलेली एक परिचारिका होती, तीही काळीच. आता शपथ तिला घ्यायची होती. तिने पळून जावं म्हणून तिच्या दारात मेलेलं कुत्रं टाकलं गेलं. ती पळाली नाही, सरळ कारखान्यात आली. अंगरक्षकांच्या साहेबाने पुन्हा कोठीतलंच एक जाकीट टेबलावर टाकलं.

"आधीचं कुणी केलं होतं?" नर्सबाईंनी विचारलं.

मालक काही बोलायच्या आत मास्तर पुढे झाले. "मी. माप न घेता केलं. लाजेपायी आणि भीतीपायी. त्या माझ्यामुळे उघड्या पडल्या." त्यांनी गळ्यातली टेप काढून मुलीच्या हातात दिली, मग आपली कातर. "हिच्याकडून करून घ्या, बाई. मला आता कातर धरायचा हक्क नाही."

"मास्तर!" मालक गरजले. "ती कातर हिच्या हातात राहिली तर तुम्ही बाहेर. दोघंही."

"बाहेरच उभा राहतो," मास्तर म्हणाले. दोघींना त्यांनी मापाच्या खोलीत घातलं, दार ओढलं आणि पाठ लावून उभे राहिले.

टेबलावरचे चौघे उठले. वर्षानुवर्षं एका किटलीतला चहा प्यालेले. "बाजूला हो, काळ्या," त्यांच्यातला सर्वांत जवळचा म्हणाला. मास्तर हलले नाहीत. लाकडी गज आधी खांद्यावर बसला, मग कानावर. बोटं चौकटीला धरलेली होती, तीही त्यांनी ठेचली. कापणाऱ्याची बोटं. साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्याच्या मते हा कारखान्याचा घरगुती मामला होता. रक्त डोळ्यांत उतरलं तरी मास्तरांनी चौकट सोडली नाही.

आतून थोरलीचा आवाज येत होता. "बाई, मोकळा श्वास घ्या. कुठं काचतंय का? सांगा, मी बदलते." त्या कारखान्यात आजवर असं कुठल्याच बाईला कुणी विचारलं नव्हतं.