सामानाचं तिकीट

घरखर्चासाठी मोबाइलवर कोणतं ॲप ठेवायचं, यावर त्या घरात बरेच दिवस खल चालला होता. एवढा खल मुलाच्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. पैसे येत होते तसे जात होते, आणि महिनाअखेरीला 'गेले कुठे?' हा प्रश्न मुलगा सुनेला विचारायचा आणि सून मुलाला. आईला कुणी विचारत नसे. आईची उभी हयात बसमध्ये कंडक्टर म्हणून गेली होती. आता ती निवृत्त होती, गुडघे कुरकुरत होते, पण नाकावर माशी बसू द्यायची नाही हा बाणा कायम होता.

शेवटी दोन ॲप उरली. पहिलं फुकट होतं. ते बँकेचे मेसेज आपलं आपणच वाचायचं आणि सगळ्या खर्चाची एक रंगीत चकती करून दाखवायचं. दुसऱ्यात प्रत्येकाने आपापला खर्च हाताने भरायचा, आणि वर वर्षाची वर्गणी. मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. तो म्हणाला, फुकट ते पौष्टिक. सून दवाखान्याच्या रिसेप्शनवर दिवसभर टाइप करून कंटाळलेली, तिनेही मान डोलावली. महिनाभर फुकटचं वापरू, मग कायमचं ठरवू, असं ठरलं.

पण फुकटच्या ॲपात सदस्य दोनच चालत होते. सुनेने त्यावर तोड काढली. सदस्य म्हणून ती आणि नवरा, आणि भाडं, पेट्रोल, वीज यांच्या रांगेत एक नवी कॅटेगरी: 'आई'. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. उलट तिने कौतुकानेच फोन सासूपुढे धरला.

"बघा आई, तुम्हाला वेगळा रंग दिलाय."

आईने चष्मा लावून पाहिलं. भाडं निळं, पेट्रोल तांबडं आणि ती हिरवी. पेट्रोलपेक्षा मोठी, भाड्यापेक्षा लहान. गोळ्या, गुडघ्याच्या व्यायामाची फी, वाचनालयाची वर्गणी, सगळं त्या तुकड्यात. तिची पेन्शन मुलाच्या खात्यात जायची, ती ॲपने 'इतर जमा' मध्ये टाकली होती. त्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही.

"छान आहे," म्हणून तिने फोन परत दिला. त्या संध्याकाळी तिला चहा गोड लागला नाही. भांडायची तिला हौस होती, पण भांडायला कुणी वाईट बोलायला तर हवं. आपण घराला जड झालो, एवढंच तिने त्या हिरव्या तुकड्यात वाचलं आणि ते तिला फार लागलं. मग बाणा जागा झाला. ठीक आहे, हलकी होऊन दाखवते.

वाचनालय तिने बंद केलं, तीच तीच पुस्तकं देतात म्हणून. व्यायामाला जाणं सोडलं, आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाई रजेवर गेल्यात असं घरात ठोकून दिलं. गोळी मोडून अर्धीच घ्यायला लागली. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

रविवारी मुलगा आणि सून चकती उघडून बसायचे. हिरवा तुकडा बारीक होत चालला. एकदा तर ॲपने शाबासकीच दिली: 'आई' या खर्चात मोठी बचत, अभिनंदन. सून हरखली. मुलगा म्हणाला, बघ, लगेच गुण आला, आता हेच ठेवू. आणि खरं सांगायचं तर आईलाही बरं वाटलं. बसवर असताना दिवसाचा हिशोब जुळला की वाटायचं तसं. गुडघ्याला मात्र आकडे वाचता येत नव्हते.

एका सकाळी तिला बाथरूममधल्या स्टुलावरून उठताच येईना. शेवटी तिने हाक मारली. सून ओल्या केसांनी धावत आली, तिला धरून खाटेवर आणलं. गुडघा टम्म सुजला होता. गोळी द्यायला सुनेने डबी उघडली, तर आत अर्ध्या अर्ध्या गोळ्या, नीट मोडून ठेवलेल्या. ती दवाखान्यात काम करणारी, तिला सांगायला कुणाची गरज नव्हती. तिने व्यायामवाल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मी कुठली रजेवर, मीच तुमच्या सासूबाईंची वाट बघतेय.

मुलाने दुकानात उशिरा येतो म्हणून कळवलं आणि तो खाटेशी येऊन बसला.

"आई, आम्ही तुला पैशाला कधी नाही म्हटलं का?"

"कधीच नाही."

"मग हे काय?"

आई म्हणाली, "माझ्या बसमध्ये तिकिटं दोन प्रकारची असायची. माणसाचं वेगळं, सामानाचं वेगळं. सामान फार असलं की मी पैसे घ्यायचे, आणि पुढच्या वेळी कमी आणा म्हणून सांगायचे. त्या चकतीत तुम्ही दोघं माणसं. मला तुम्ही सामानाचं तिकीट फाडलंत. म्हटलं, कमी करू या."

मुलाने तिच्या सुजलेल्या गुडघ्याखाली उशी सरकवली. सुनेचे डोळे भरून आले.

"माझ्या डोक्यातच आलं नाही, आई."

"माहीत आहे गं मला. म्हणून तर बोलता येत नव्हतं."

त्याच दिवशी मुलाने दुसऱ्या ॲपची वर्गणी भरली. फुकटाची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. सुनेने ते तिघांच्या फोनमध्ये घातलं. सदस्य तीन. आईने पहिल्यांदा काय केलं, तर आपली पेन्शन आपल्या नावावर जमा टाकली, आणि तेवढं करून मुलाकडे चष्म्यावरून पाहिलं. त्याने निमूटपणे मान हलवली.

रविवारी चकती आली. आईने आधी हिरवा रंग शोधला. तो आता औषधांना मिळाला होता. तिच्या गुडघ्याच्या गोळ्या, मुलाचं पित्ताचं औषध, सुनेच्या डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं एकाच तुकड्यात. कुणाचं किती, ते चकतीवरून कळायला मार्ग नव्हता. आईने पुन्हा एकदा नीट पाहिलं, पाणी मागितलं आणि अख्खी गोळी घेतली.