इंजिन मोकळं होईपर्यंत

"ओ वयनी, मागून ढकलू काय?"

जीपच्या मागच्या फळीवर उभ्या असलेल्या कुणीतरी ओरडून विचारलं आणि आत दाटीवाटीने बसलेली माणसं हसली. जीप लाल धुरळा उडवत वळणापलीकडे गेली. राहीने मान वळवली नाही. बुरोंडीहून दापोलीला चढणारा घाट, मागे बर्फात घातलेल्या बांगड्यांचे दोन क्रेट आणि बुडाखाली अगदी नवी मोटारसायकल. तिने पायाने गिअर खाली घेतला. उजव्या हातातली मूठ मात्र होती तिथेच ठेवली. इंजिन कुरकुरलं, पण चढत राहिलं.

२००४ सालची गोष्ट. माशांचं पाणी गळतं, बाकीचे पॅसेंजर तक्रार करतात, म्हणून जीपवाल्याने तिच्या पाट्या घ्यायचं बंद केलं, तेव्हा राहीने मोटारसायकल घ्यायचं ठरवलं. तिचा नवरा लवू बोटीवर खलाशी. तो म्हणाला, "मोपेड घे गो. बायामाणसाला ती बरी." भावाची मोपेड मागून आणून राहीने तीही चालवून बघितली. दोन क्रेट घेऊन ती पहिल्याच चढावर थांबली. मग ओहोटीच्या वेळी पुळणीच्या घट्ट वाळूवर राही मोटारसायकल शिकली. नऊवारीचा काष्टा गाडीवर बसायला सोयीचाच होता. लोक बघायला जमायचे, पुढेपुढे कंटाळून येईनासे झाले.

गाडी दापोलीच्या सलिलच्या दुकानातून घेतली. दुकानामागेच त्याचं गॅरेज होतं. चावी देताना त्याने तिला समोर बसवून समजावलं होतं. "राहीताई, नव्या इंजिनातले भाग अजून एकमेकांशी जुळलेले नसतात. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ते घासून घासून जुळतात. तोवर मूठ झटक्याने पिळायची नाही, चढावर वरच्या गिअरमध्ये रेटायची नाही. आणि एकाच वेगातही चालवायची नाही, कमीजास्त करत राहायचं."

वेगाच्या काट्याशेजारी दोन छोटे दिवे होते. मूठ बेताने फिरवली की हिरवा, ती काटकसरीची चाल. जास्त फिरवली की आत स्पार्क पडायची वेळ बदलायची, गाडी उसळी घ्यायची आणि पिवळा लागायचा. "हजार होईपर्यंत पिवळा बघायचाच नाही," सलिल म्हणाला होता.

पहिले दिवस वाईट गेले. मूठ फिरवली तर आधी काहीच व्हायचं नाही, मग एकदम धक्का बसायचा. क्रेट मागे सरकायचे, बर्फाचं पाणी पाठीवर यायचं. राही बाजारात पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं आटपून गेलेली असायची. निवृत्त शिक्षिका आनंदीबाई तिच्या नेहमीच्या. त्या पिशवी उघडून दाखवायच्या. "आज दुसरीकडून घेतले गं. किती वाट बघायची?"

"थोडे दिवस, बाई," राही म्हणायची.

हळूहळू तो धक्का कमी झाला. केसभर मूठ फिरवली तरी इंजिन ओ देऊ लागलं. हजारातले निम्म्याहून जास्त किलोमीटर झाले, आणि शिमगा आला.

राही न्हाणीत असताना तिचा दीर खंडू खुंटीवरची चावी घेऊन गेला. दुपारी गाडी टेंपोत घालून परत आली. खंडू टेंपोतून उतरला तो रागातच.

"गाडीच खोटी हाय! घाटात मधीच जाम झाली."

"किती जणं होता?"

"तिघं."

"पिवळा लागला होता?"

"मग काय दिव्याकडं बघत बसू? मित्र होते बरोबर."

राहीने किक मारून बघितली. किक दगडासारखी अडली. ती तिथेच ओसरीच्या पायरीवर बसली. मग उठून चुलीवरचा भात उतरवला, कारण तो करपायला लागला होता.

सलिलने इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते. राहीने त्यांच्यावरून नख फिरवलं, ते अडकत अडकत आडवं सरकलं.

"सिलिंडर आतून कातून, बोअर करून नवा पिस्टन घालावा लागेल," सलिल म्हणाला. "आणि मग पुन्हा पहिल्यापासून हजार. खरं सांगू? आहे तशी विकून देतो. एक गिऱ्हाईक आहे. तुम्ही मोपेड घ्या."

"मोपेड दोन क्रेट घेऊन घाट चढत नाय."

"पुन्हा तेवढं सगळं करणार?"

"तुमी बोअर करा. चालवायचं मी बघते."

लवू बोटीवरून आला आणि भावाच्या अंगावर धावून गेला. राहीने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "भांडून पिस्टन बसत नाय," ती म्हणाली. मग खंडूकडे वळली. "गाडी येईपर्यंत मी बर्फाच्या टेंपोतून जाणार. पहाटे क्रेट बर्फाच्या कारखान्यापर्यंत तू न्यायचेस."

दुसऱ्या दिवशी पहाटे खंडू दारात उभा होता. एक क्रेट डोक्यावर, दुसरा काखेत घेऊन तो चढणीने पुढे चालायचा.

गाडी आली. राही पुन्हा हिरव्या दिव्यावर घाट चढू लागली. पुन्हा तोच धक्का, पुन्हा उशीर. चैत्राचं ऊन चढायच्या आत बाजार गाठायला ती आणखी लवकर निघू लागली. चढावर इंजिन फार तापलंय असं वाटलं, की आंब्याच्या सावलीला थांबायची. क्रेटवरचं गोणपाट ओलं करायची. एकदा मासे उरले, ते घरोघर हिंडून विकले. कुणी विचारलं, "एवढी नवी गाडी, मग पळवत का नाय?" तर म्हणायची, "पळवीन की."

पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायच्या आधी, वैशाखात, हजार पुरे झाले. सलिलने तेल बदललं, स्वतः एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "मोकळी झाली. आता पिळा, ताई."

दुसऱ्या दिवशी ती क्रेट बांधत होती, तेव्हा खंडू आला. गाडीभोवती एकदा फिरला.

"वयनी, आता मोकळी झाली ना? रविवारी एक फेरी मारू?"

"नाय," राही म्हणाली. "अजून नाय."

खंडूने तिच्या हातातला दोर घेतला, तिने मारलेल्या गाठी सोडल्या आणि क्रेट नव्याने बांधले. गुडघा लावून दोर आवळला. क्रेट हलवून बघितले आणि घरात गेला.

घाटाच्या पहिल्या मोठ्या चढावर राहीने मूठ पिळली. गाडी लगेच पुढे झाली. आत कुठे अडखळणं नाही, मागे क्रेटचा आवाज नाही, नुसता हाताच्या मागणीइतका जोर. काट्याशेजारी पिवळा लागला. तिला हसू आलं. वळण येताच तिने मूठ सैल सोडली, वळण संपताच पुन्हा पिळली. प्रत्येक वेळी इंजिनाने तेवढंच उत्तर दिलं. माथ्यावर पोचली तेव्हा क्रेटमधला बर्फ नीट वितळायलाही लागला नव्हता.

बाजारात सकाळी धुतलेले ओटे अजून ओले होते. तिने गाडी स्टँडला लावली आणि रोजच्या सवयीने दातांनी गाठ सोडवायला वाकली. गाठ दिसेना. दोराचं एक टोक तेवढं बाहेर मोकळं ठेवलेलं होतं. तिने ते ओढलं. बोटीवर मारतात तशी गाठ मारली होती खंडूने, एका ओढीत सगळा दोर सुटून खाली आला.

राही क्षणभर ते टोक हातात धरून उभी राहिली. मग दोर बाजूला ठेवून तिने पहिला क्रेट ओट्यावर घेतला.