पैसे हातात द्या

मी प्रेस मशीन बोलतेय. पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकते. वर जड ठोकळा, खाली साचा, मधे पत्रा. ठोकळा खाली आला की मधे जे असेल ते चेपतं. पत्रा आहे की आणखी काही, ते मला कळत नाही. गोड बोलायची मला सवय नाही, तेव्हा ऐकायचं तर असंच ऐका.

माझा जन्मच आगीतला. लोखंड वितळवून ओतलं, तासलं, भोकं पाडली आणि या शेडमध्ये आणून जमिनीला जखडलं. मला दोन बटणं दिली, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही दाबली तरच मी खाली येते. बनवणारा शहाणा होता. माणसाचे दोन्ही हात बटणांवर अडकले म्हणजे एकही माझ्या तोंडात येणार नाही, असा त्याचा हिशेब.

माणसं त्याच्याही वरताण. एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची, की ते दाबलेलंच राहतं आणि एक हात मोकळा होतो. त्या हाताने पत्रा सरकवत राहायचा. झाकणं भराभर पडतात आणि नगावर पैसे जास्त मिळतात. इथे बहुतेकांच्या खिशात अशी पाचर असायची.

मला चालवायचा पैलवान. नाव वेगळं असेल, पण त्याचा दंड पाहिल्यावर ते कोण विचारतंय? त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा शेजारी ग्राइंडरवर होता. पैलवान त्याला दाजी म्हणायचा, म्हणून सगळी शेडच दाजी म्हणायची. त्या बहिणीची किडनी गेली होती. दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन रक्त मशीनमधून फिरवून आणावं लागे. खर्च कंपनीच्या विम्यातून व्हायचा, त्यामुळे घर कसंबसं उभं होतं.

एके दिवशी मालक शेडमध्ये आला. म्हणाला, विम्याचा हप्ता वाढलाय. विमा हवा, की तेवढेच पैसे पगारात हवेत? हात वर करून सांगा, मला दोन्ही सारखंच.

"पैसे हातात द्या," पैलवान लगेच म्हणाला.

हिशेब बघणाऱ्या बाई केबिनमधून बाहेर आल्या. "नीट ऐका. कंपनी परस्पर विमा भरते तोवर सरकार ती तुमची कमाई धरत नाही, म्हणून त्यावर कर नाही. तेच पैसे हातात घेतलेत की तो पगार झाला, आणि पगार म्हटला की कर आला. उरलेल्या पैशात असा विमा मिळायचा नाही. शिवाय सगळ्यांच्या एकत्र विम्यात आजारी माणूसही खपून जातं. एकटं गेलं तर दारात उभं करत नाहीत."

"बाई, तुम्ही मालकाचं मीठ खाता. तुम्ही हेच बोलणार," पैलवान म्हणाला.

दाजी पुढे झाला. "दादा, तुमच्या बहिणीचं काय?"

"पैसे हातात आले की त्यातूनच भरा तिचा हप्ता. दुसऱ्याच्या मेहेरबानीवर किती दिवस काढायचे?"

"मी हात वर करणार नाही. आणि कुणाला करू देणार नाही."

पैलवानाने ठोसा मारला. दाजीचं डोकं माझ्या खांबावर आपटलं आणि एक दात माझ्या साच्यात पडला. दाजी उठला तो लोखंडी गज घेऊनच. त्याने पैलवानाच्या खांद्यावर हाणला. मग पैलवानाने त्याला खाली पाडून असा तुडवला की सोडवायला आलेल्या वेल्डरचंही नाक फुटलं. गंमत बघा, एवढं मारतानाही तोंडात "अहो दाजी, ऐका" हेच चाललेलं. नात्याचा मान कुठे सुटला नव्हता.

त्यानंतर भराभर हात वर झाले. दाजीचा होईना, तेव्हा पैलवानाने त्याचं मनगट धरून हात वर केला.

पगार झाला आणि सगळ्यांची तोंडं उतरली. कर कापलेला होता. पैलवानाने स्टूल उचललं आणि केबिनच्या काचेवर भिरकावलं. काचेचा तुकडा बाईंच्या कपाळात घुसला. रक्त पुसत त्या एवढंच म्हणाल्या, "सांगितलं होतं ना."

बहिणीला कुठल्याच विमा कंपनीने घेतलं नाही. दवाखान्याचं बिल आता रोख भरायचं. दाजी आपली पाळी संपल्यावर माझ्यावर काम करायला लागला. पाचर घेऊन.

एका दुपारी पाळी सुटल्यावर पैलवान पाणी प्यायला गेला होता. पत्रा वाकडा बसला. दाजीने तो सरळ करायला उजवा हात आत घातला आणि डाव्याचा पंजा नेमका मोकळ्या बटणावर पडला. पलीकडचं पाचरीने दाबलेलं होतंच. मी खाली आले. मला दुसरं काही येत नाही.

पैलवान धावत आला. माझं जड चाक त्याने नुसत्या हातांनी उलटं फिरवलं, तळव्यांची सालटी निघाली तरी थांबला नाही. हात सुटला, पण तीन बोटं साच्यातच राहिली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं वाचलं.

बोटांचा खर्च मालकाने दिला, कायदाच तसा होता. बहिणीसाठी मात्र पैलवान रक्ताळल्या हातांनी केबिनमध्ये घुसला आणि मालकाची कॉलर धरली. "विमा चालू करा."

"मी बंद केला नव्हता," मालक म्हणाला. "हात कुणी वर केले होते? आता नवीन वर्षीच विचारीन."

पैलवानाची पकड आपोआप सुटली. त्याने मोटरसायकल विकली, बायकोचे दागिने विकले. पण बहीण नवीन वर्षापर्यंत टिकली नाही.

माझी दोन्ही बटणं आता मोकळी आहेत. पाचर पैलवानानेच हातोड्याने उडवली. दाजीचं डोकं आपटलं तिथे माझा रंग उडालाय, तो कुणी पुन्हा लावला नाही. तुम्ही माझ्यासमोर कधी उभे राहिलात तर दोन्ही हात बटणांवर ठेवा. आणि हातात येणारं सगळंच आपलं नसतं, हे लक्षात असू द्या.

नवीन वर्षी मालकाने विचारलं, विमा की पैसे? विम्यासाठी सगळ्यांचे हात वर झाले. पैलवानाचा होईना. तो माझ्याकडे तोंड करून नुसता उभा होता. दाजी त्याच्याजवळ गेला, उरलेल्या दोन बोटांनी त्याचं मनगट धरलं आणि हात वर केला.