मी धरून ठेवलेला कॉल

मी रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली दोरी बोलतेय. गाय बांधायची नव्हे हो, माणसांचं बोलणं जोडायची. अंगात तांब्याच्या तारा, वर सुताची वीण, दोन्ही टोकांना पितळी खुंट्या. एक खुंटी मुंबईच्या भोकात आणि दुसरी गावातल्या फोनच्या भोकात बसली की बोलणं सुरू. श्रेय मात्र फोन घेतो, चकचकीत ना तो.

पंचावन्न सालची गोष्ट. मुसा खलाशाची बोट संध्याकाळी मुंबईहून सुटणार होती, ती वर्षभरासाठी. इकडे त्याची बायको नसीमा बाळंतपणात अडली होती. तारेने एवढंच कळलेलं. पुढचं काही ठाऊक नाही. दिवसभर ताटकळल्यावर त्याला लाइन मिळाली, ती घराशेजारच्या फारुकशेटच्या दुकानात.

"कुलसुमचाची सुनेला घेवन इस्पितळात गेली. हितं कोण नाय," फारुकशेट म्हणाले आणि रिसीव्हर नीट जागेवर ठेवून मोकळे झाले. आमच्याकडे सगळे असंच करतात. आपलं सांगून झालं की रिसीव्हर खाली. पलीकडचा अजून बोलत असेल, हे ध्यानातच येत नाही.

बोर्डावरची झडप पडली. झडप पडली की बोलणं संपलं समजायचं आणि दोरी उपटायची, असा नियम. मुसा तर मुंबईत "हॅलो, हॅलो" करत होता. ऑपरेटर यमुनाबाईंचा हात माझ्याकडे आला, तेव्हा मी पार घाबरले.

पण त्यांनी फारुकशेटचं बोलणं ऐकलं होतं, म्हणून मुंबईकडचं टोक तसंच राहू दिलं. दुकानाकडचं तेवढं काढलं आणि इस्पितळाच्या भोकात खोचलं. "ठेवू नका हो," त्या मुसाला म्हणाल्या, "तुमच्या आईला बोलावत्ये."

तोवर त्याचा श्वास माझ्या तारांतून येत होता आणि दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं. तो कॉल तेव्हा मी एकटीने धरून ठेवला. मला याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

मग कुलसुमचाची फोनवर आल्या. "मुसा, नसीमा बरी हाय. पोरगी झायली."

चाचींनी लगेच पुन्हा विचारलं,

"आयकलास ना रे?"

"आयकला, अम्मा." एवढंच बोलून तो बोट गाठायला गेला.

आता माझी वीण उसवलीय. उद्या भागोजी मेकॅनिक मला काढून नवी दोरी लावणार. परवाच, वर्षाची सफर संपवून परतलेला मुसा लेकीला कडेवर घेऊन एक्स्चेंजात आला होता. "हीच ती दोरी?" त्याने विचारलं. यमुनाबाईंनी मान हलवली. त्याने मला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

भंगारात टाकायचं तर खुशाल टाका. खलाशाचा सलाम घेऊन चाललेय मी.