नेमणूक रद्द झाल्यावर

"वयनी, सोल्डरिंगचं आयर्न बोर्डावर एवढा वेळ टेकवू नका. खालची तांब्याची रेघ सुटते," शीतल म्हणाली. तोवर ती सुटलीच होती.

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे नणंदेच्या या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात वंदना पावसाळ्यापासून येऊन बसत होती. त्याआधी ती सरकारी वकील होती. वीटभट्टीवरच्या मारहाणीत मेलेल्या मजूर धाऊचा खटला तिच्याकडे होता आणि आरोपी होता भट्टीचा मालक. सरकार बदललं, मालकाचा पक्ष सत्तेत आला आणि तिची नेमणूक रद्द झाली. कारण कुणी दिलं नाही. खासगी अशिलंही फिरकेनाशी झाली. घरात भिंतीकडे बघत बसवेना, म्हणून ती सोल्डरिंग शिकायला लागली. पण हात वळत नव्हता, रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांचे अर्थ डोक्यात राहत नव्हते.

तिने दुसरा बोर्ड ओढला, तेवढ्यात दारात गुणाबाई उभी राहिली. धाऊची आई. कोर्टात जायचं लुगडं नेसलेली.

"पानी पिऊन येतंय सांगून आले, वकीलबाई. आज माजी साक्ष झाली."

वंदनाने आयर्न बाजूला ठेवलं. "काय सांगितलंत, मावशी?"

"मी कोनाला वळखत नाय, सांगलं."

"नवे सरकारी वकील काय बोलले?"

"त्ये कायच नाय बोलले. खाली बसले."

"पोलिसांपुढे मालकाचं नाव घेतलेला तुमचा जबाब वाचून दाखवला नाही? उलट विचारलं नाही?"

"नाय." गुणाबाई स्टुलावर टेकली. "धाकटा पोर अजून भट्टीवरच हाय, बाई. सून हाय, नातवंडं हायत. तुमी असता तर मी बोलले असते. तुमी नव्हता."

मी गेले नाही, मला काढलं, असं वंदनाच्या ओठांवर आलं. पण हा फरक या बाईच्या काय कामाचा होता? तिने तांब्या पुढे केला.

"आता काय व्हईल?"

"मालक सुटेल," वंदना म्हणाली.

गुणाबाईने मान हलवली. तिला ते ठाऊकच होतं. शीतलने उगाच एक स्क्रू काढला आणि परत बसवला.

बाहेर हॉर्न वाजला, तशी गुणाबाई उठली. वंदना तिच्यामागून रस्त्यापर्यंत आली. तिला गावी, वैशाखऱ्याला परत नेणारी जीप भट्टीचीच होती. सकाळी कोर्टातही तिला याच जीपने नेलं होतं. मागच्या बाजूला भट्टीचा मुकादम बसला होता.

"या मावशी, सावकाश," म्हणत त्याने हात पुढे केला. जीपची पायरी उंच होती. गुणाबाईने तो हात धरला आणि वर चढली.