डब्बेबाबा अन् कांद्याचा भोंगा

पैज चहा पिता पिता लागली.

"शफीभाई, आठ दिवसांत अख्खी गल्ली माझ्या डब्ब्यापुढं चपला काढून उभी करतो."

"येडा झाला क्या सांडू? मोबाईलचा जमाना हाय. कोन काढताय चप्पल?"

सांडू म्हणजे मी. शहागंजात घंटाघराच्या मागं माझं झेरॉक्सचं दुकान, शेजारी शफीभाईचं घड्याळदुरुस्तीचं. पन्नाशीला टेकलो तरी माझी खोड जात नाय. लोकांना बनवायचं अन् मग पोट धरून हसायचं, हा माझा जोडधंदा. देवाधर्माच्या नावानं कुणी फसलं की मी सगळ्यात आधी हसणार, अन् सगळ्यात जोरात.

"सब काढतील, मान लिया," शफीभाई बशीत फुंकर मारत म्हणाला. "फिर आखिर में तू बी काढशील."

"मी? बनवणारा मी, अन् मीच काढू? माझ्या पायातली चप्पल निघाली तर मी हरलो, जा."

कांदेवाला भारत तिथंच बिस्किट बुडवत होता. वैजापूरचा कांदा हातगाडीवर घालून तो गल्लोगल्ली फिरतो. गाडीला एक भोंगा, भोंग्यात पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हमध्ये त्याचीच आरोळी. गळा वाचतो. शिक्षा त्यानंच सुचवली: हरला त्यानं दिवसभर भारतची गाडी ढकलायची, अन् भोंग्यातून आरोळीच्या जागी हरणाऱ्याच्या आवाजात कबुली वाजवायची.

"फक्त माझा कांदा खपला पायजे," भारत म्हणाला.

आता डब्ब्याचं सांगतो. डब्बा म्हणजे माझा कॉम्प्युटर. इतका जुना की विंडोज टाकलं की धापा टाकायचा. शफीभाईची बायको फहमिदाभाभी शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. त्यांनी त्यात हलकं लिनक्स टाकून दिलं अन् म्हातारा पळायला लागला. एकच अडचण राहिली. पेनड्राइव्ह लावला तरी डब्बा मख्ख बसून राहायचा. मग भाभींनी एका बटनाला हुकूम बांधून दिला. दाबलं की पेनड्राइव्ह उघडणार. "हे तात्पुरतं आहे भाऊ," म्हणाल्या, "सवडीनं आपोआप उघडायचं करून देते."

मला कशाची घाई? माझ्याकडं एक छोटा, आकड्यांचाच कीबोर्ड पडून होता. ते बटन मी त्याच्यावर घेतलं अन् कीबोर्ड टेबलाखाली चिकटपट्टीनं बसवला. चपलेतून बाहेर आलेला पायाचा अंगठा बरोबर त्याच्यावर पडायचा.

पहिली सापडली बचत गटाची वच्छलाबाई. अर्जाची प्रिंट काढायला आली होती.

"चपला बाहेर काढा ताई. मशीन सात्त्विक हाय. चामडं जवळ आलं की करंट उलटा फिरतो."

"माझी तर प्लास्टिकची हाय की."

"प्लास्टिकचा त्याला जास्त राग."

तिनं काढल्या. मी पेनड्राइव्ह लावला. डब्बा गप. मी डोळे मिटून पुटपुटलो, "हार्डडिस्काय, रॅमाय, आल्या पाहुण्या वाट द्याय." अन् अंगठा दाबला. टुणकन खिडकी उघडली. वच्छलाबाईनं आधी डब्ब्याच्या, मग माझ्या पाया पडून घेतलं. मी गालातल्या गालात इतका हसलो की दाढ दुखली.

तिनं गटात सांगितलं, गटानं घरोघर. तिसऱ्या दिवशी दुकानाबाहेर चपलांचा ढीग. एकानं डब्ब्याला कुंकू लावलं, दुसऱ्यानं हिरवी चादर टाकली. चादरीनं हवा कोंडली, डब्बा तापून घूं घूं करायला लागला, तर लोक म्हणाले, अंगात आलं. कुणी नारळ आणला. कुणी विचारलं, मोबाईलला नजर लागली तर चालंल का. मी म्हणायचो, "चालंल, पण चार्जर उपाशी ठेवावा लागंल." तेही मान डोलवून घरी जायचे. मला वाटायचं, काय ही येडी माणसं, अन् त्यांच्यात मी एकटा शहाणा.

शफीभाई शेजारून भिंग डोळ्याला लावून बघायचा. घड्याळाकडं नाय, माझ्या चपलांकडं.

मग एका सकाळी भारत आला. भाव उतरला होता, नवी आरोळी भरून पायजे होती. भरून दिली, अन् आमच्या गप्पा लागल्या. तो गेला. थोड्या वेळानं गल्लीत त्याचा आवाज ऐकू आला, पण भोंग्यातून नाय, गळ्यातून. बिचारा बेंबीच्या देठापासून ओरडत होता. मला वाटलं, भोंगा बिघडला असंल.

तेवढ्यात कस्तुराबाई आली. देवगाव रंगारीची, मेंढरं राखणारं घर. नवरा बिरू गेल्या साली गेला. लुगड्याच्या गाठीतून तिनं पेनड्राइव्ह सोडला, लहान पोराला कडेवरून उतरवावं तसा.

"लेकरा, ह्याच्यात आमचं माणूस हाय."

बिरू ढोलावर ओव्या गायचा. पुतण्यानं मोबाईलवर भरून ह्याच्यात टाकलं, अन् पुढं मोबाईल विहिरीत पडला. आता बिरूचा आवाज जगात एवढ्याच जागी उरला होता. रविवारी वर्षश्राद्ध. भावकीला ऐकवायचं होतं, अन् त्याआधी एकदा तिला स्वतःला. शहागंजात एक मशीन रुसलेल्या माणसालाबी बोलतं करतंय असं तिला एसटीत कळलं होतं.

चपला तिनं न सांगता काढल्या. मी पेनड्राइव्ह लावला, पुटपुटलो, अंगठा दाबला.

काहीच नाय.

परत दाबला. अंगठा दुखेस्तोवर दाबला. डब्बा मख्ख.

"रुसलेत," कस्तुराबाई म्हणाली. "मला ठाव व्हतं."

"काऊन रुसतील मावशी?"

"शेवटच्या दिशी त्यांनी हाक मारली व्हती. म्या मेंढरं कोंडत व्हते. म्हणलं, आले. पोचले तवर..." तिनं पदर तोंडाला लावला.

तिथं मी सांगायला पायजे होतं. मावशी, हे सोंग हाय, खाली बघा, अंगठा हाय. पण शेजारी शफीभाईचं भिंग चमकत होतं अन् पैजेचे दिवस सरले नव्हते. तोंडाला सोंगाची सवय लागली होती, ते आपसूक चाललं. "उद्या या. स्टँडापासून अनवाणी या. राग उतरायला वेळ लागतो."

ती खरंच आली. एसटीतून उतरून भर उन्हात स्टँडापासून शहागंजापर्यंत चालत. तळव्यांना डांबर चिकटलं होतं. चपला पिशवीत होत्या. गर्दीनं तिला वाट करून दिली. आजही उघडलं नाय तर पुढं काय सांगायचं ते माझ्याकडं नव्हतं.

पेनड्राइव्ह लावला. पुटपुटायला तोंड उघडलं. अंगठा अजून हवेतच होता.

टुणकन खिडकी उघडली.

मी खाली बघितलं. अंगठा कुठंच टेकलेला नव्हता. वर बघितलं, खिडकी उघडी, आत एकच फाईल. मी फाईल दाबली. ढोलाचा एक ठोका. खोकला. मग बिरूचा आवाज, मोठा, हसरा: "कस्तुरे, ये की इकडं. तुझ्याबिगर सुरू करत नाय म्या."

"आले, आले," कस्तुराबाई डब्ब्याला म्हणाली.

अन् बिरू गायला लागला. सगळी गर्दी हात जोडून उभी. त्यात मीही. माझ्या डोळ्यांतून पाणी, अन् तोंडात, "चुकलं देवा, माफ कर." कुणाला म्हणत होतो ते मला आजही ठाव नाय.

"सांडू," मागून शफीभाई हळूच म्हणाला, "तेरी चप्पल किधर हाय?"

चपला टेबलाखाली होत्या. पाय बाहेर होते.

तेवढ्यात फहमिदाभाभी परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा न्यायला आल्या. ओवी संपेपर्यंत दारात थांबल्या, मग म्हणाल्या, "हा काय प्रकार आहे?"

"भाभी, मी बटन दाबलंच नाय," मी म्हणालो. "आपोआप उघडलं. शप्पथ."

"उघडणारच. काल तुम्ही चहाला गेलात तेव्हा पेपर काढायला मी इथं बसले होते. बटन शोधून शोधून दमले. शेवटी ते टेबलाखाली चिकटवलेलं सापडलं. तिथं का, ते तुम्हीच सांगा."

अख्खी गर्दी वाकली. वच्छलाबाई तर गुडघ्यावर बसली. "अगं बाई," ती टेबलाखालूनच म्हणाली, "इथं तर अंगठ्याचा मळ हाय."

भाभींनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. पेनड्राइव्ह लावला की दारात कुणी आलंय हे मशीनला कळतं. पण दार उघडायला नोकर लागतो. जड सिस्टीममध्ये तो कायम उभा असतो. हलकी सिस्टीम म्हणजे नोकर कमी, म्हणून तर ती पळते. "दार उघडायचं काम आधी सांडूभाऊंच्या बटनाकडं होतं. काल मी एक छोटा प्रोग्राम बसवून ठेवला. आता कुणीही आलं की तोच दार उघडतो. मंत्र लागत नाही, अंगठाही नाही."

"मग कालच्याला काऊन नाय उघडलं?" कस्तुराबाईनं विचारलं.

भाभींनी डब्बा फिरवला. मागं एक पेनड्राइव्ह आधीच खोचलेला होता. त्याला कांद्याचं साल चिकटलं होतं.

"माझा भोंगा," गर्दीतून भारत बसल्या आवाजात म्हणाला. "काल गप्पांत इथंच राहिला."

"बटनाला मी पहिल्या नंबरचं दार दिलं होतं. पहिला नंबर हा कांदा धरून बसला. तुमचा दुसरा. भाऊ दाबत होते, अन् मशीन आधीच उघडं असलेलं दार परत परत उघडत होतं."

"म्हंजी ते रुसले नव्हते?"

"नाही मावशी. मध्ये कांदा आला होता."

कस्तुराबाई डब्ब्याकडून माझ्याकडं वळली. "मग मला अनवाणी काऊन चालवलं रं?"

"पैज होती मावशी."

"माझ्या माणसावर?"

माझा जोडधंदा तिथंच बंद पडला. इतकी वर्षं मी भोंदूंना फसणाऱ्यांना हसत होतो, अन् भोंदू कसा बोलतो ते मला माझ्याच तोंडून ऐकावं लागलं. वर आपल्याच सोंगापुढं मीच पहिला रडलो.

भाभींनी तिला चपला घालायला लावल्या. "आता तुमच्या हातानं लावा." तिनं भीत भीत पेनड्राइव्ह लावला. चपला पायात, ओठ मिटलेले. खिडकी उघडली. बिरूनं परत हाक मारली, अन् या वेळी ती हसली. भाभींनी फाईलच्या कॉप्या काढल्या: एक डब्ब्यात, एक नव्या पेनड्राइव्हवर, एक शफीभाईच्या मोबाईलात. "जपायचं असेल ते एकाच जागी ठेवू नका मावशी. आणि काढताना आधी मशीनला सांगा, मग काढा. हिसका देऊ नका."

पैजेचं काय, शफीभाईनं विचारलं. कस्तुराबाईच म्हणाली, "गाडी ढकलू द्या त्याला. पर अनवाणी."

ढकलली. दुसऱ्या दिवशी घंटाघरापासून, डांबर पाघळलेलं, गाडीवर वैजापूरचा कांदा खच्चून भरलेला. मागं शफीभाई माझ्या चपला हातात धरून चालत होता, वरातीतल्यासारखा. पुढं भोंगा, भोंग्यात माझाच आवाज:

"मी सांडू झेरॉक्सवाला. डब्ब्यात देव नव्हता, टेबलाखाली माझा अंगठा होता. तुम्हाला बनवता बनवता मी स्वतः बनलो. कुणी मशीनपुढं, माणसापुढं चपला काढा म्हणलं, तर आधी त्याच्या टेबलाखाली वाकून बघा. कळलं नाय तर विचारा. ज्याला माहीत असंल तो सांगंल, अन् जो विचारू नका म्हणंल त्याच्यापासून लांब राहा. आपलं माणूस आपल्यावर रुसत नाय. कांदा घ्या, कांदा."

शेवटचं वाक्य भारतनं घालायला लावलं होतं.

एका वाड्याशी एक म्हातारी थांबली, भोंगा पूर्ण ऐकून घेतला. मग वाकली अन् गाडीच्या खाली बघायला लागली.

"काय बघता आजी?"

"तूच म्हणला ना बघा म्हणून," ती उठत म्हणाली. "काय नाय खाली. दे दोन किलो." मी कांदे तोलायला घेतले. "अन् तराजूवरचा अंगठा काढ आधी."